माशाच्या तोंडाचं माप

गोष्ट १९७१ सालची. त्या वर्षी गावाबाहेरच्या तळ्यावर गळ टाकायला पहिल्यांदा परवानगी मिळाली आणि गावातले निम्मे पुरुष दर रविवारी तोंड मिटून काठावर बसायला शिकले. बायकांनी तळ्याचे मनापासून आभार मानले!

तळ्यात मासे तळहाताएवढेच, पण भारी चिकित्सक. आमिष हुंगायचे, नाक मुरडायचे आणि निघून जायचे.

गावात कवळ्या बनवणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे कवळीवाले म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. कवळीवाल्यांच्या दातांनी लोक अक्रोड फोडत, इतका त्यांचा हात सफाईचा. तळ्यावर मात्र त्यांच्या गळाला शेवाळाशिवाय काही लागत नसे. आणि शेजारीच बसलेला वहिनींचा धाकटा भाऊ टोपली भरून मासे न्यायचा!

"भाऊजी, तुमचं आमिषच चुकतंय," तो म्हणायचा. "माझ्यासारख्या मऊ प्लास्टिकच्या अळ्या घ्या. दुकानात मिळतात."

"विकत?" कवळीवाले कडाडले. "अरे, मऊ प्लास्टिकमध्ये हयात गेली माझी! हिरडीला बोचू नये म्हणून कवळीला आतून अस्तर लावतो, ते काय असतं? माणसाच्या तोंडात माझं काम चपखल बसतं, ते माशाच्या तोंडात बसणार नाही होय?"

हे वहिनींच्या कानावर आलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. कारण त्याच आठवड्यात कवळीवाल्यांकडे एक कवळी करायला आली होती. इस्पितळात नव्यानेच आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वडलांची. या म्हाताऱ्यांनी आजवर चार जणांनी केलेल्या कवळ्या भिरकावून दिल्या होत्या. पाचवी तर करणाऱ्याच्याच अंगावर! डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या होत्या, "बाबांच्या तोंडात तुमची कवळी टिकली, तर इस्पितळाचं सगळं काम तुमचं."

तोवर हे घर मोडक्या कवळ्या सांधण्यावर चाललं होतं. दात कोरून पोट भरत नाही, हे वहिनींएवढं कुणाला ठाऊक असणार!

"अहो, आधी ती कवळी पुरी करा," त्या म्हणाल्या.

"झालीच आहे गं. नुसतं अस्तर राहिलंय. ते लोक सोमवारी येणार. रविवार माझा!"

शनिवारी कवळीवाले बादलीत एक जिवंत मासा घेऊन आले.

"याचं काय करायचंय?" वहिनींनी विचारलं.

"माप घ्यायचंय."

"कशाचं?"

"तोंडाचं! अगं, जगात सगळे अंदाजाने आमिष बनवतात. माशाच्या तोंडाचं माप कुणी घेतलंय का आजवर? तिथेच तर चुकतं!"

त्यांनी पांढरा कोट चढवला. ओल्या फडक्यात मासा धरला. बोटाच्या टोकावर मापाचा लगदा घेतला आणि सवयीने म्हणाले, "आ करा. अजून मोठा. हां, हलू नका... झालं! भरा चूळ."

मासा बादलीत पडला तो पाहुण्यासारखा फुगूनच बसला. त्याला कवळीवाल्यांनी संध्याकाळी तळ्यात नेऊन सोडलं, अगदी वाटेला लावल्यासारखं!

मग त्या मापावरून प्लास्टरचे साचे झाले. अस्तराची पावडर आणि तिचं पातळ औषध घेऊन कवळीवाले लगदा कालवायला बसले. शेपटी पाण्यात लवलवली पाहिजे, म्हणून औषध नेहमीच्या दुप्पट! माशाला मोह पडावा म्हणून वर मूठभर सुक्या कोळंबीची पूड. घरभर असा वास सुटला, की शेजारणीचं मांजर खिडकीत येऊन बसलं ते हलेचना.

वीसेक अळ्या झाल्या. इवल्याइवल्या, गुलाबी, हिरडीच्या रंगाच्या. उरलेला लगदा वाटीत घालून, झाकून, त्यांनी गार पाण्यात ठेवला. रविवारी उजाडताच स्वारी तळ्यावर!

आणि तासाभरात इस्पितळातली आया दारात हजर.

"वहिनी, बाई आज दुपारीच येताहेत हो, वडलांना घेऊन. उद्या त्यांना बाहेरगावी जायचंय."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. तळ्यावर निरोप धाडायला घरात चिटपाखरू नव्हतं. पण इतकी वर्षं नवऱ्याच्या हाताखाली त्यांनी सगळं केलं होतं. अस्तर लावणं त्यांना काही नवं नव्हतं. त्या कामाच्या खोलीत शिरल्या, तर गार पाण्यात वाटी तयार!

'अगं बाई, अस्तर कालवून ठेवलंय की यांनी! आणि मी उगीच मेलीने बोल लावले.'

वास? घराला कालपासून इतका वास येत होता, की नाकाने कधीच हात टेकले होते. वहिनींनी पदर खोचला, लगदा कवळीत थापला, साचा आवळला आणि पातेल्यात उकळायला ठेवला.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. मागून वडील, काठी आपटत, कपाळावर आठ्यांचं जाळं घेऊन.

"पाचवीला काय झालं ते माहीत आहे ना?" ते वहिनींना म्हणाले.

"ऐकलंय, बाबा," म्हणत वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.

म्हाताऱ्यांनी कवळी घातली. जबडा डावीकडे नेला. उजवीकडे नेला. मग दात आपटले. वहिनींनी स्वतःच्या तोंडासमोर आधीच ताटली धरली होती.

"दुखत नाही," म्हातारे म्हणाले.

"काय?" डॉक्टरीणबाई.

"अगं, दुखत नाही! कुठ्ठेच टोचत नाही! एखादी गादी घातल्यासारखं वाटतंय तोंडात."

तेवढ्यात खिडकीतलं मांजर उडी मारून थेट त्यांच्या मांडीवर आलं आणि तोंडाकडे बघत बसलं.

"हे काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माणसाळलेलं आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

आणि धाडकन दार उघडलं! चिखलाने माखलेले कवळीवाले, मागे दात काढत मेहुणा.

"बसलं! माशाच्या तोंडात अगदी चपखल बसलं! इतकं, की मासे चघळतात, सुखाने डुलतात आणि सोडून जातात. गळ टोचतच नाही! घट्ट करायला हवं. अगं, माझा तो कोळंबीचा लगदा कुठे गेला? वाटीतला?"

वहिनींनी म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कवळीवाल्यांनी पाहिलं. मांजर तर बघतच होतं.

"बाबा, काढा ती कवळी!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

म्हाताऱ्यांनी ओठ असे मिटले, की सुई आत जाईना!

"म्हणजे माझ्या बाबांच्या तोंडात तुम्ही माशांचं आमिष बसवलंत?"

वहिनी पुढे झाल्या. "बसवलं मी. यांना ठाऊकसुद्धा नाही. वस्तू तीच आहे बाई, अस्तराचीच. फक्त औषध जास्त पडलंय, म्हणून मऊ आहे. आणि मऊ आहे, म्हणूनच बाबांना दुखत नाहीये. कोळंबी मात्र चुकून गेली. ती वगळून पुन्हा लावते. आत्ता, तुमच्यासमोर."

डॉक्टरीणबाई वडलांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढंच मऊ जमेल?"

"तंतोतंत."

"कोळंबी राहू दे की," म्हातारे मिटल्या ओठांतून म्हणाले.

इस्पितळाचं काम त्याच महिन्यात सुरू झालं. डॉक्टरीणबाई पुढे मोठ्या हुद्द्यावर गेल्या, पण शेवटपर्यंत कुठलीही कवळी हुंगल्याशिवाय रुग्णाला देत नसत. त्यांचे वडील आणखी बरीच वर्षं सगळं चावून खात जगले. मेहुण्याचे दात पुढे अकाली पडले आणि भाऊजींची चेष्टा थांबली. अस्तराचा लगदा कालवायचं काम कायमचं वहिनींकडे आलं.

कवळीवाल्यांकडे मात्र गावोगावचे जबडे इतके आले, की त्यांना रविवारसुद्धा मोकळा मिळेना. घरची बंदिस्त खोली नको वाटली की तळ्यावर वहिनी जायच्या आणि टोपली भरून आणायच्या.

आमिष? ते त्या मुकाट दुकानातून विकत घ्यायच्या.