अर्ध्या तोरणाची बखर

श्रीगणरायास व घरच्या अन्नपूर्णेस वंदन करोन, आणि ज्यांचे बोटांस सुई टोचटोचून घट्टे पडले त्या समस्त आयाबहिणींस दंडवत घालोन, ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मासी, दसऱ्याचे दुसरे दिवशी राज्यात मोठे खलबत जाहले. राज्य कोठील हे कोणी पुसो नये. मुलूख म्हणाल तर तिसरे मजल्यावर तीन खोल्या आणि एक सज्जा, आणि लिफ्ट बंद असली म्हणजे गड चढावयास बिकट. राज्य श्रीमंत दिगंबरपंतांचे नावाचे आणि त्यांचे कुटुंब थोरल्या सरकार कुंदाबाईसाहेब यांचे हुकुमाचे, ऐसी वहिवाट प्रथमपासोन होती आणि पंतांची त्यास हरकत नव्हती. कन्या एकुलती, केतकीबाई, तिचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. लग्न सकाळी घरच्या माणसांत व्हावे आणि संध्याकाळी रिसेप्शन म्हणोन जो नवा दरबार हल्ली भरतो तो भरवावा, ऐसे व्याह्यांचे म्हणणे पडले. मग केतकीबाई बोलल्या, "आई, डेकोरेशनवाला नको. थर्माकोल नको, प्लास्टिकची फुलं नकोत. सगळं आपण हाताने करायचं." सरकार बोलल्या, "सगळं म्हणजे तोरणसुद्धा?" कन्या बोलली, "तोरण तर हातानेच. आजीच्या पद्धतीचं." इतुके बोलोन ती आंघोळीस निघोन गेली. जाणोन बोलली की अजाणता, हे तिचे तीस ठाऊक. परंतु मातुश्रींचे जखमेवरची खपली निघाली ती निघालीच.

त्याची मूळ कथा ऐसी. थोरल्या सरकारांस पाठची बहीण एकच, शैलजाबाई, लाडे शैलू म्हणत. या दोघींचे मातुश्रींनी एक शिरस्ता घालोन दिला होता की घरी शुभकार्य असता तोरण विकत आणू नये, दुसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरावे, आणि तेही एका हातचे असो नये. निम्मे थोरलीने भरावे, निम्मे धाकटीने, आणि कार्याचे दिवशी दोहों बाजूंची गाठ मधोमध मारावी. "एका हाताने टाळी वाजत नाही, तसं एका हाताने तोरण होत नाही," ऐसे त्या माऊली म्हणत. थोरलीची बाजू उजवी, धाकटीची डावी. दोहीकडे एकेक पोपट, आणि दोघांची तोंडे एकमेकांकडे. लहानपणी एकदा काळा दोरा संपला म्हणोन शैलूने आपले पोपटाचा डोळा तांबडा भरला, आणि थोरली हसली, तेव्हा धाकटी फुरंगटून बोलली, "माझा रडून आलाय, म्हणून लाल." तैसाच तो डोळा पुढे कायमचा तांबडा राहिला. ऐसी कैक तोरणे दोघींनी मिळोन भरली. परंतु सात वर्षांमागे धाकटीचे लेकाचे लग्न निघाले, तेव्हा थोरल्या सरकार कचेरीचे कामात गळ्यापर्यंत बुडालेल्या, आणि फोनवर बोलोन गेल्या की "अगं, बाजारात किती सुंदर मिळतात हल्ली, कशाला डोळे फोडत बसायचं?" आणि नुसते बोलल्या नाहीत, तर बारीक दिवे लुकलुकणारे तयार तोरण खोक्यात घालोन धाडिले. धाकटीने ते खोके जैसे आले तैसे माघारे धाडिले आणि लग्नाचे दारास आपले डावे अर्धे तोरण एकलेच बांधिले. मांडवात जो तो पुसे, "अर्धं का हो?" आणि तिने काय सांगावे? त्या दिवसापासोन दोन्ही दरबारांचे बोलणे तुटले. सणावारी निरोप जाई, तोही पंतांचे मुखे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि इकडे तर दोन सुंभ होते.

असो. मोहीम सुरू जाहली. हुकूम ऐसा की भिंतींस कागदी कमळांच्या माळा सोडाव्या, आणि जे जे आप्त येतील त्यांस परतीची भेट म्हणोन हातचा बटवा द्यावा, आत खडीसाखर, वेलदोडे आणि रोठा सुपारी. बटव्यांसाठी सरकारांनी कपाटातील जुन्या साड्या बाहेर काढिल्या आणि काठ उसवून मशिनीवर बसल्या. कमळे करण्याचे काम पंतांकडे लागले. पंतांनी परम निष्ठेने घड्या घातल्या आणि पहिले कमळ हुजूर आणोन ठेविले. सरकार बोलल्या, "अहो, हे कमळ आहे की कांदा?" पंत बोलले, "उमलायचंय अजून." तेव्हा केतकीबाईंस हसू आवरेना, आणि सरकारही हसल्या, परंतु हसता हसता त्यांचे चित्तात आले की शैलू असती तर हसून लोळली असती. ऐसे नित्य होऊ लागले. बटव्याची नाडी ओवावी आणि शैलू आठवावी, चहाचा कप हाती घ्यावा आणि शैलू आठवावी. बटव्यांत एक बटवा मातुश्रींचे काळे लुगड्याचे काठाचा शिवला, एकच, आणि तो ढिगात न घालिता सरकारांनी आपले साड्यांचे घडीत सरकवला. कोणासाठी, हे पंतांनी पुसले नाही. पंत साधे होते, खुळे नव्हते.

आणि तोरण? तोरणाची दुसुती आणिली, दोरे आणिले, आणि दुपारची जेवणे उरकोन सरकार सज्ज्यात बसल्या. वाजवी पाहता आपली उजवी बाजू प्रथम धरावी. परंतु सुईत हिरवा दोरा ओवला आणि हात आपसूक डाव्या बाजूस गेला. मनाशी बोलल्या की तिची बाजू अवघड, ती आधी उरकू, आपली काय, मागाहून भरता येईल. हे निमित्त; खरे पाहता तिची बाजू भरताना ती शेजारी बसली ऐसे वाटे, आणि तो भास सोडवेना. धाकटी जैसा टाका किंचित सैल घेई तैसा यांनी सैल घेतला. एरवी सैल टाक्यास नाके मुरडणाऱ्या सरकार, त्यांनी सैल घेतला! पान एक भरले, दोन भरली, कैऱ्या भरल्या, पोपटाची चोच भरली, आणि डोळ्यापाशी आल्या तों तांबडा दोरा हाती घेतला आणि पुढे दिसेना. केतकीबाई पाणी घेवोन आल्या, बोलल्या, "आई, तूच फोन कर ना मावशीला." सरकार बोलल्या, "कोणत्या तोंडाने करू गं? म्हणेल, आता गरज पडली तेव्हा बहीण आठवली." कन्या बोलली, "गरज नाही पडली का?" सरकारांनी सुई दुसुतीत खोचोन ठेविली.

मग मसलत ऐसी ठरली की फोन करो नये, रीतीने कुंकवाची अक्षत धाडावी, आणि पंतांनी वकील होऊन जावे. पंत पहाटेचे गाडीने रवाना जाहले आणि दुसरे दिवशी माघारे येवोन पावले. सरकार दारातच उभ्या. "काय म्हणाली?" "बस म्हणाली. मग धिरडी केली. खोबऱ्याची चटणी होती, लसूण घातलेली." "अहो, चटणीचं काय घेऊन बसलात! अक्षत घेतली का?" "घेतली की. देवापुढे ठेवली." "आणि येते म्हणाली?" "बघू म्हणाली." "बघू कसं म्हणाली?" पंत गोंधळले. बोलले, "कसं म्हणजे? तोंडाने." ऐसा हा वकील. एक गोष्ट आणीक घडली होती ती सांगावयाची, परंतु धिरड्यांचे भरात ती पंत साफ विसरले, आणि त्या विसरण्याने पुढे काय जाहले ते कळेलच. सरकार त्या दिवशी जेवल्या नाहीत, पोट जड आहे म्हणाल्या. 'बघू' हा शब्द त्यांनी मनात घोळघोळून पाहिला. कधी त्यात 'येते' ऐकू येई आणि कधी 'नाही'.

दिवस जातां वेळ लागत नाही. बटवे पुरे होईनात, कमळांच्या माळा तुटत, व्याह्यांची माणसे येत जात, आणि तोरणाची डावी बाजू पुरी जाहली तों लग्न दोन दिवसांवर आले. उजवीचे कापड कोरे ते कोरेच. पंत बोलले, "बाजारातून एखादं..." आणि सरकारांनी नुसते पाहिले, तों पंतांनी वाक्य गिळिले. सरकार बोलल्या, "अर्धं तर अर्धं. तिने बांधलं होतं ना एकटं? आता मी बांधते. कळू दे मला पण."

मार्गशीर्ष शुद्धात लग्न लागले, वधूवर सुखी असोत. संध्याकाळी कार्यालयात दरबार भरला. पंतांची कमळे दिव्यांचे उजेडात खरोखरीच कमळे दिसो लागली, आणि विहीणबाई बोलल्या, "हाताने केलंय सगळं? काय हौस म्हणायची!" सरकार हसोन मान डोलवीत, परंतु हात नमस्कारास आणि डोळे दारास, ऐसी अवस्था. दारावर डावे तोरण एकलेच लटके, पोपट मधल्या रिकाम्या जागेकडे टक लावोन पाहे, आणि येणारा जो तो पुसे, "हे अर्धंच का हो?" पहिल्यास सांगितले, दुसऱ्यास सांगितले, तिसऱ्यास सांगितले. सात वर्षांमागे एकलीने दारी उभे राहोन शैलूने हेच किती वेळ सांगितले असेल, आणि कैसे सांगितले असेल, हे तेव्हा त्यांस कळले.

तों जिन्यावरोन एक बाई वर आल्या. अंगावर मोरपंखी साडी, खांद्यास कापडी पिशवी, केस बहुत पांढरे जाहलेले. सरकारांनी ओळखले. शैलजाबाई जवळ आल्या, पिशवीत हात घातला आणि घडी काढोन पुढे धरली. ते त्यांचे सात वर्षांमागले डावे अर्धे तोरण, धुवोन इस्त्री केलेले. बोलल्या, "घे. तुझी बाजू होत आली म्हणून भाऊजी म्हणाले, तर म्हटलं माझी तयारच आहे, जोडीला वाट बघत बसलीये." सरकारांनी पंतांकडे पाहिले. पंत कपाळास हात लावोन बोलले, "अरे हो! शैलूने विचारलं होतं, तोरणाचं काय. मी म्हटलं, अर्धं होत आलंय, ताई रोज बसते. सांगायचं राहिलंच." शैलजाबाई दाराकडे वळल्या आणि वर पाहिले. पोपट पाहिला, सैल टाका पाहिला, तांबडा डोळा पाहिला. "ताई, अगं, ही तर माझी बाजू. तुझी कुठंय?" सरकार बोलल्या, "भरलीच नाही गं. सुई घेतली की तुझीच आठवण यायची, आणि हात तुझ्याच बाजूला जायचा. तेव्हाही तुला माझी बाजू दिली नाही आणि आताही नाही. चुकले मी, शैलू." इतुके बोलोन त्यांस हुंदका आला, आणि शैलजाबाईंनी भर दरबारात थोरलीचे डोके खांद्यावर घेतले, आणि विहीणबाई एकीकडे सरोन पंतांस पुसो लागल्या की काय जाहले, आणि पंत बोलले, "तोरण पुरं होतंय."

परंतु पुरे कैसे व्हावे? दोन्ही बाजू डाव्या. शेजारी धरोन पाहिल्या तों एक पोपट दुसऱ्याचे शेपटीकडे पाही. केतकीबाई शालूनिशी धावत आल्या, बोलल्या, "एक उलटं बांधा ना, तोंडं समोरासमोर येतील." खरेच होते, पण मागील अंगास दोऱ्यांची टोके, गाठी, एका पानावरोन दुसऱ्यावर ओढलेले धागे. ज्या सरकार आपले भरतकामाची मागील बाजू सख्ख्या जावेस दाखवीत नसत, त्या पंतांस बोलल्या, "तिचं सुलट बांधा. माझं उलटं." पंत बोलले, "अगं, गाठी दिसतील." सरकार बोलल्या, "माझ्याच आहेत. दिसू देत." मग पंत खुर्चीवर चढले, शैलजाबाईंनी खुर्ची धरली, आणि मधली गाठ दोघी बहिणींनी चार हातांनी मारली. पोपट समोरासमोर आले, एक नीटस आणि एक धाग्यांनी झिपरा. दारातोन जो तो पाही आणि हसोन आत जाई.

दरबार बरखास्त जाहला, केतकीबाई सासरी रवाना जाहल्या, त्या वेळचे रडणे लिहिता येत नाही. मग सरकारांनी कमरेचा काळे काठाचा बटवा काढोन धाकटीचे हाती ठेविला. शैलजाबाईंनी काठावरोन बोट फिरविले आणि बोलल्या, "आईचं लुगडं." आणि मग बटवा माघारा देवोन बोलल्या, "परतीची भेट ना ही? जाताना घेईन. तुझी उजवी बाजू माझ्यासमोर भरून झाल्याशिवाय मी जात नाही."

सारांश, कन्या गेली, बहीण आली, आणि तोरण राज्यात टांगले आहे. हे लिहितो तों पौष सरत आला. धाकट्या सरकार सज्ज्यात बसोन रोज खडे बोल ऐकवितात, "ताई, चार टाक्यांत दुपार घालवलीस, एवढी सावकाश तू कधी नव्हतीस." थोरल्या सरकार 'डोळे दुखतात' म्हणतात आणि काल भरलेले पान आज उसवितात. बटवा देवापुढे तैसाच आहे.