जास खेळण्याचा मूलभूत हक्क

आमच्या गावात दुःखी असायला कायदेशीर कारण उरलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरात राहून आम्ही मताचं, धर्माचं आणि गायीच्या गळ्यात घंटा बांधण्याचं स्वातंत्र्य रीतसर मतदानाने मिळवलेलं आहे. त्यामुळे माझे शेजारी ओडिलोकाका ग्रामकार्यालयात जाऊन "मला करमत नाही" म्हणाले, तेव्हा ही तक्रार कोणत्या खात्याकडे पाठवावी ते कुणालाच सुचेना.

काका डोंगरावर माणसं नेणारी दोरगाडी चालवून निवृत्त झालेले. जास हा आमचा पत्त्यांचा खेळ चौघांचा, आणि काकांचे तिन्ही भिडू एकेक करून दफनभूमीत गेले. त्यांतल्या ट्रूडीकाकू, काकांच्या पत्नी, सगळ्यांत शेवटी गेल्या. काकांना दुसरं काही नको होतं. पुन्हा तीन भिडू हवे होते.

सचिव रेगुलाबाईंनी राज्यघटना चाळली.

"काका, तुम्हाला बोलायचा हक्क आहे की."

"कुणाशी?"

"ते घटनेत नाही. पण सह्या गोळा करून नवा हक्क मागता येतो."

काका दारोदार निघाले. आमच्याकडे सही नाकारणं असभ्य समजतात आणि आधी न कळवता आलेल्या माणसाला घरात घेणं त्याहून असभ्य. तेव्हा सगळ्यांनी दारातच सह्या केल्या. मीही केली, पातेल्यातलं चीज बुडाला लागत होतं म्हणून जरा घाईत.

लगेच विरोधी समिती उभी राहिली. एकटं राहणं हाही हक्कच आहे, असं गाउडेन्झ खाटकाचं म्हणणं. दोन मेव्हण्यांना घेऊन तो रोज संध्याकाळी खाणावळीत काकांशी वाद घालायला येऊ लागला. टेबलावर मुठी आपटायच्या, वाईन सांडायची.

"आज भिडू मागताय, उद्या म्हणाल बायकोपण सरकारने द्यावी," गाउडेन्झ म्हणाला.

"तुझा संसार बघितला आणि ती मागणी सोडली," काका म्हणाले.

मेव्हण्यांना हसू आवरेना, कारण गाउडेन्झची बायको त्यांचीच बहीण. काकांच्या गालांवर रंग चढला, रोज दाढी होऊ लागली. चौघे बसताच आहात तर एक डाव टाका, असं एकदा रेगुलाबाईंनी सुचवलं. चौघेही दुखावले. मतदानाआधी दोन्ही बाजूंनी मिळून पत्ते खेळणं ही मतदारांची फसवणूक ठरली असती.

ग्रामसभेत ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. गाउडेन्झने दिलदारपणे काकांचं अभिनंदन केलं आणि आता वादाचं काही उरलं नाही म्हणून तो घरी गेला. मेव्हणेही गेले.

आता काकांना तीन भिडू मिळण्याचा हक्क आहे. भिडूंना न येण्याचा हक्क आहे, आणि तो जुना असल्यामुळे आधी लागू होतो. काका आठवडाभर खाणावळीत एकटे बसले. मग पुन्हा कार्यालयात गेले.

"हा हक्क रद्द करायचा असेल तर?"

"पुन्हा सह्या लागतील, काका."

"लागू देत. विरोधी समिती उभी राहील ना?"

काल ते माझ्या दारात आले. या वेळी मात्र मी सही दिली नाही. एवढी खटपट करून मिळालेला हक्क कुणी असा टाकतं का? तुम्हाला काय कमी आहे, असंही मी त्यांना विचारलं. ते माझ्या मागे, आत, टेबलाभोवतीच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. बाहेर थंडी होती, म्हणून मी दार लावून घेतलं. वाईट मलाही वाटलं.

हे वाचून तुम्हालाही काकांची दया आली असेल. आमच्या अख्ख्या गावाला आली होती, ठराव त्यावरच मंजूर झाला. तुमचं मतही बाजूने धरायला रेगुलाबाईंची काही हरकत नाही.