व्हय म्हणायला बंदी

दस्तगीर मास्तरांना कुणी ‘व्हय’ म्हटलेलं खपत नसे. जो त्यांच्या तोंडावर ‘व्हय मास्तर’ म्हणेल, त्यानं भूमच्या शाळेला धावत एक फेरी मारायची, असा त्यांचा कायदा होता. मग तो शेतकरी असो, शिंपी असो, नाहीतर माझ्यासारखा तहसील कचेरीतला कारकून असो. कचेरीत दिवसभर ‘जी साहेब’, ‘होय साहेब’ याशिवाय माझ्या तोंडून दुसरं काही निघत नसे, त्यामुळं त्या शाळेला माझ्याइतक्या प्रदक्षिणा कुणीच घातल्या नसतील. त्या पुण्यात धरल्या जात असतील तर माझा स्वर्ग पक्का आहे.

हैदराबाद संस्थान विलीन होण्याआधी मास्तर उर्दूतून शिकवायचे. पुढं शाळा मराठी झाली, तेव्हा पन्नाशीकडं झुकलेल्या या माणसानं दुसरीतल्या पोरांची पुस्तकं घेऊन मराठी गिरवली. फळ्यावर ओळ लिहायची आणि पोरांनाच विचारायचं, बरोबर आहे का? पोरं आदरानं ‘व्हय’ म्हणायची. मग एक दिवस तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याच फळ्यावरच्या एका ओळीत पाच चुका काढल्या. तेव्हापासून मास्तरांचा ‘व्हय’वरचा विश्वास उडाला, असं गावात सगळे सांगत. मीही तसंच सांगत असे.

आमचा हुतूतूचा संघ त्यांनीच उभा केला. स्वतः ते कधी खेळले नव्हते. त्यांचं काम मसलत घेण्याचं. बाजाराच्या दिवशी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही सात गडी गोल बसायचो. मध्ये मैदान म्हणून खडूच्या रेघा, समोरच्या संघाचे सात खडे आणि आमचे सात चिंचोके. प्रत्येकाचा चिंचोका ठरलेला. माझा एका बाजूनं टवका उडालेला होता आणि तो माझ्याशी मिळताजुळता आहे, असं सगळ्यांचं मत होतं. मास्तर एक खडा पुढं सरकवत आणि विचारत, “हा चढाईला आला. आता तू काय करशील? अपनी अक्कल चला. बाजूवाल्याकडं बघू नको.”

दोघांनी एकच उत्तर दिलं की मास्तर दुसऱ्याला म्हणत, “हे तर त्याचं झालं. तुझं कुठं हाय?” एकवेळ उत्तर चुकलं तरी चाले, पण उसनं आणलेलं चालत नसे.

या शिकवणीचे परिणाम व्हायचे ते झाले. घरात बायकोनं मीठ आणायला सांगितलं, तर मी “का?” म्हणून विचारलं आणि आठवडाभर अळणी आमटी खाल्ली. कचेरीत साहेबांना म्हणालो, माझं मत जरा वेगळं आहे. साहेबांनी मला पंधरा दिवस जुन्या दप्तराची धूळ झटकायला बसवलं. आणि पहिल्याच सामन्यात आम्ही सातही जणांनी इतका स्वतंत्र विचार केला, की समोरचा गडी आत आल्याबरोबर सातजण सात दिशांना धावलो. त्यातले दोघं एकमेकांवर आपटले. आम्ही सपाटून हरलो, पण मास्तर खूष होते. निदान सातजण सोचले, म्हणाले.

सगळ्यात अवघड गडी होता बापू. मेंढरं राखणाऱ्या घरातला, अंगानं दगडी खांब, आणि स्वभावानं इतका गरीब की मास्तर म्हणाले ऊन आहे तर व्हय, पाऊस आहे तर व्हय. ‘व्हय म्हणू नको’ असं सांगितलं तरी तो “व्हय मास्तर” म्हणून निमूट फेरीला निघायचा. मास्तर त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहायचे. त्या बघण्यात राग नसे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्या वर्षी तेरच्या जत्रेतल्या सामन्यांत आम्ही चक्क शेवटपर्यंत पोचलो. समोर तेरखेड्याचा संघ. ते गाव फटाक्यांचं. मंडळी जिंकणार या खात्रीनं आपटबारांपासून बाणांपर्यंत पोतंभर दारूकाम घेऊन आली होती. काय सामना झाला तो. शेवटच्या घटकेला आम्ही एका गुणानं पुढं, मैदानात आमचा एकटा बापू उरलेला, आणि त्यांचा सगळ्यात नावाजलेला गडी चढाईला आला. मैदानाबाहेर मास्तर कायदा, मसलत सगळं विसरले आणि ओरडायला लागले, “धर बापू, धर त्याला.”

बापूनं धरलं नाही. तो एकेक पाऊल मागं सरकत गेला. मास्तरांचा आवाज बसला, आम्ही कपाळावर हात मारले, आणि तो गडी रिकाम्या हातानं परत फिरला, तशी पंचाची शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो.

“त्याचा दम संपत आलता, येळबी संपत आलती,” बापू खाली मान घालून म्हणाला. “धरून कशाला निसटू द्यायचा? तुमचं ऐकलं न्हाय, मास्तर. माफी करा.”

मास्तरांनी त्याला असं कवटाळलं की बापूच गुदमरला. तेरखेडकरांनीही मन मोठं केलं. पोतं परत कोण नेणार म्हणत सगळे फटाके त्यांनी आमच्याच नावानं उडवले.

परतीच्या एसटीत सगळी गाडी नाचत होती आणि मास्तर खिडकीशी एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. ते म्हणाले, “माझा घरचा एक गडी राहिला.”

तेव्हा मला अन्वर कळला. मास्तरांचा एकुलता मुलगा, हैदराबादेत नोकरीला. आई लहानपणीच गेलेली. बापानं सांगितलं म्हणून तो चाचाकडं शिकायला गेला, सांगितलं म्हणून नोकरी धरली, सांगितलेल्या घरी लग्न केलं. मनात त्याच्या काय होतं ते मास्तरांनी कधी विचारलं नाही. आता महिन्याला पत्र यायचं, तेही एकाच ओळीचं. खुशाल आहे, जसा आपला हुकूम. “भिंतीला पत्र लिहिल्यासारखं वाटतं,” मास्तर म्हणाले. “ती भिंत म्याच बांधली.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अन्वरला पत्र घातलं. दोन महिन्यांनी निवृत्त होतो आहे, नंतर इथंच एकटा राहायचं ठरवलं आहे, तुझं मत कळव. मग रोज पोस्टमनची वाट बघणं सुरू झालं. आम्हीही बघत होतो. खरं सांगायचं तर मी मनातून देवाला विनवत होतो की त्याला नेहमीचीच ओळ लिहू दे. म्हणजे मास्तर आमच्याकडंच राहतील.

एका बाजाराच्या दिवशी आम्ही व्हरांड्यात चिंचोके मांडून बसलो असताना मास्तर रस्त्यानं चक्क पळत आले. टोपी हातात, दुसऱ्या हातात कागद. धाप लागून बोलवेना, म्हणून पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. माझं शिक्षण उर्दूतच झालेलं. चार पानं होती. पहिला शब्द होता, ‘नहीं’. पुढं लिहिलं होतं: नाही अब्बा, मला हे मंजूर नाही. आणि मग चार पानं, लहानपणी चाचाच्या घरी रोज रडत होतो इथपासून सगळं.

“अन्वर न्हाय म्हणाला,” मास्तर प्रत्येकाला धरून सांगत होते. “माझा अन्वर न्हाय म्हणाला रे.”

आम्हीही नाचलो. शेवटच्या पानावर ‘पुढच्या महिन्यात तुम्हाला न्यायला येतो’ असं होतं, ते मी सगळ्यात शेवटी वाचून दाखवलं. बापूनं खडूच्या रेघा हातानं पुसल्या.

अन्वर आला. बापासारखाच उंच, आणि एसटी स्टँडवर सामान कुठं ठेवायचं यावरून बापाशी वाद घालणारा. मास्तर प्रत्येक वाद आनंदानं हरत होते. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून डोकं काढलं.

“मसलत बंद करायची न्हाय. समजलं?”

कसली अक्कल आणि कसलं स्वतंत्र मत. सातही जणांच्या तोंडून एकदमच निघालं, “व्हय मास्तर.”

मास्तरांनी आमच्याकडं क्षणभर पाहिलं. डोळे वाहत होते, पण खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि बोटानं हवेत एक गोल काढला.

शेतकरी, शिंपी, कारकून, धोतरं सावरत आम्ही सगळे धावायला लागलो. भर बाजाराच्या दिवशी, लोकांच्या देखत, स्टँडला पूर्ण फेरी मारली. परत आलो तेव्हा गाडी गेली होती.

“आणखी एक मारू,” बापू म्हणाला. हे त्याचं स्वतःचं मत होतं, म्हणून आम्ही ऐकलं.