आर्डिसनं उभं कुठं राहायचं?

"या शनिवारी आर्डिस पहिल्या बेसवर उभी दिसली नाही, तर मी सुतारकी सोडून विणकाम शिकेन!"

लाइल ट्वेटनं ही घोषणा लुथरन चर्चच्या तळघरात, ऐन कॉफीच्या वेळी, तेवीस माणसांसमोर केली. आमच्या ओल्डर क्रीकमध्ये एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नाही. आग लागली तरी आधी "माफ करा हं" म्हणून मग सांगतात. त्यामुळे दोघांच्या हातून बिस्किटं कॉफीत पडली.

आर्डिस म्हणजे लाइलची बायको. चर्चच्या सॉफ्टबॉल संघात ती अकरा वर्षं खेळत होती, आणि अकरा वर्षांत तिच्या बॅटीला चेंडूचा वाराही लागला नव्हता! चेंडू मारायचा आणि धावत पहिला बेस गाठायचा, असा हा खेळ; तो बेस तिनं कधी गाठलाच नव्हता. सोमवारी तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर खेळ बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे शनिवारचा गावातल्या दुसऱ्या, मेथडिस्ट चर्चविरुद्धचा सामना हा शेवटचाच.

"एकदा तरी त्या बेसवर स्वतःच्या हिमतीनं उभी राहायचं होतं रे," तीन आठवड्यांपूर्वी बशा पुसता पुसता ती एवढंच म्हणाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोचं जे वाक्य लाइलनं पहिल्याच खेपेला नीट ऐकलं, ते हेच असावं. तो तडक उठला आणि गॅरेजमध्ये गेला.

तासाभरानं बाहेर आला तो सिद्धांत घेऊनच!

"बॅट चांगली आहे, नजर चांगली आहे. तू उभी चुकीच्या जागी राहतेस! बॅटरनं उभं राहायचा जो चौकोन असतो, त्यात सगळे मागे उभे राहतात. का? तर वेळ मिळतो. वेळ मिळाला की माणूस विचार करतो आणि विचार केला की चुकतो! तू आपली चेंडू टाकणाऱ्याकडच्या, पुढच्या रेषेला बूट भिडवून उभी राहा. विचार करायला वावच नको."

"विचार न करण्याचा अनुभव तुला जास्त," आर्डिस म्हणाली. पण बॅट घेऊन आली.

लाइलनं घरासमोरच्या सिमेंटवर केकचं पत्र्याचं भांडं उपडं घातलं. ती होम प्लेट, जिच्याशेजारी बॅटर उभा राहतो. मग टेप काढली, प्लेटच्या मध्यापासून चार फूट पुढे, तीन फूट मागे असा चौकोन खडूनं आखला. तीन आठवडे रोज संध्याकाळी तो चेंडू उंच उडवून टाकायचा आणि आर्डिस पुढच्या रेषेवर उभी राहून मारायची. आणि काय आश्चर्य! चेंडू लागायला लागला! गॅरेजच्या दाराला पोचे पडले, शेजाऱ्यांचे टोमॅटो वेळेआधी तोडले गेले. शेवटच्या दिवशी वीसपैकी सतरा!

"बघितलंस?" लाइल म्हणाला. त्या रात्री तो घोरलासुद्धा रुबाबात.

शनिवारी मैदानाभोवती घडीच्या खुर्च्या लागल्या. एका टेबलावर लुथरनांच्या आंबटगोड रुबार्ब-पेस्ट्र्या, दुसऱ्यावर मेथडिस्टांच्या. हरेल त्या चर्चनं दोन्हीकडची भांडी घासायची, हा रिवाज. मैदानाच्या रेषा एकोणीस वर्षं लाइलच आखायचा. त्यासाठी शेडमध्ये लाकडी साचा होता. साचा ठेवायचा, त्यावरून चुन्याची गाडी फिरवायची, चौकोन तयार.

मेथडिस्टांची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, मार्व्हेला पूल. पियानोची शिकवणी घेते, त्यामुळे चूक तिला दुसऱ्या गावातूनही ऐकू येते. तिचा चेंडू ढगात जातो, तिथे जरा थांबतो आणि मग खाली येतो.

आर्डिस पहिल्यांदा आली. बूट पुढच्या रेषेला. चेंडू आला टोपीच्या उंचीवरून, बॅट फिरली पोटाच्या उंचीवर! एक, दोन, तीन, तिन्ही हुकले. बाद!

"काही नाही, काही नाही!" लाइल प्लेटच्या मागे कडेला, कुंपणाच्या जाळीला लटकून ओरडला. "पुढेच राहा!"

दुसऱ्या खेपेला तेच. आता सगळा बाक सल्ले द्यायला उठला.

"मागे सर गं!"

"प्लेटला चिकट!"

"प्रभूच्या जवळ राहा!" हे अर्थात पास्टर स्टेनर्सन. पण जागा नक्की कुठली, ते त्यांनीही सांगितलं नाही.

आर्डिसनं सगळ्यांचं ऐकलं. पुढे गेली, मागे आली, चिकटली, आणि पुन्हा बाद झाली. बाकावर येऊन बसली तेव्हा तिनं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. लाइलला ते बघवेना.

"माझा हिशेब चुकणं शक्य नाही!" तो पास्टरना म्हणाला आणि टेप काढून दाखवू लागला. "हे बघा. इथून चार फूट..."

"लाइलभाऊ, ही टेप एकपासून का सुरू होते?"

लाइलनं टेपचं टोक डोळ्यांजवळ धरलं. टेपचा पहिला फूट दोन वर्षांपूर्वी करवतीखाली तुटला होता! कामावर तो न चुकता एक फूट वजा करायचा, हाताला सवयच होती. पण बायकोला खूश करायच्या नादात, घराच्या दारात, वजा करायचं साफ विसरला. म्हणजे तीन आठवडे आर्डिस शिकली ती तीन फुटांवर, आणि इथे उभी राहतेय चारांवर! तिथे चेंडू अजून खाली उतरलेलाच नसतो!

ओरडून सांगावं, तर सगळ्या गावासमोर सुताराचं हसं होणार. तेवढ्यात पाचवा डाव संपला. खेळाडूंच्या बुटांनी पुसलेल्या रेषा पाचव्या डावानंतर पुन्हा आखायच्या, हा लाइलचाच मान. त्यानं चुन्याची गाडी घेतली, साचा मुद्दाम शेडमध्येच ठेवला, आणि पुढची रेषा हातानंच ओढली. एक फूट अलीकडे! देवाकडे त्यानं बघितलं नाही. देवानं बघितलं असेल तर बघू नंतर.

शेवटचा डाव. नऊ-नऊ बरोबरी, दोघं बाद, तिसऱ्या बेसवर खुद्द पास्टर. आणि बॅटिंगला आर्डिस! लाइलनं जाळी घट्ट धरली आणि डोळे मिटले.

ठण्ण!

डोळे उघडले तेव्हा चेंडू दुसऱ्या बेसच्या डोक्यावरून गवतात उतरत होता. आर्डिस धावत होती. धावत होती म्हणणं जरा धाडसाचं आहे, पण निघाली होती, खुबा धरून, दात आवळून! पास्टर घसरत होम प्लेटवर पोचले, म्हणजे धाव मिळाली. आर्डिसनं दोन्ही पाय पहिल्या बेसवर ठेवले आणि रडायलाच लागली. दहा-नऊ! लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तीनपेक्षा जास्त वेळा! आमच्याकडे याला दंगल म्हणतात.

"थांबा!" मार्व्हेला कडाडली. "ती पुढची रेषा अलीकडे आहे! एकोणतीस वर्षं मी तो चौकोन इथून बघतेय. चौकोनच खोटा, तर हा फटका धरायचा नाही!"

प्लेटमागे उभ्या असलेल्या अंपायर ड्वेननं हात पुढे केला. "लाइल, टेप दे."

ड्वेननं टेप प्लेटवर टेकवली, रेषेपर्यंत ताणली, वाकून वाचलं. "चार फूट. बरोबर आहे!"

लुथरन पुन्हा टाळ्या वाजवू लागले. लाइल वाचला होता! पण पहिल्या बेसवर आर्डिस तशीच उभी होती, निकाल लागेपर्यंत हलायचंच नाही असं ठरवून, आणि तिचा चेहरा असा उजळला होता, की त्याला खोट्यावर तो बघवेना.

"बरोबर नाही!" तो ओरडला. "टेपचा पहिला फूट तुटलाय! रेषा तीनच फुटांवर आहे. मीच ओढली. आर्डिसला ठाऊक नाही. तिचा बूट चौकोनाबाहेर, रेषेपुढे असेल, तर फटका धरता येणार नाही!"

ड्वेननं गुडघे टेकले. मार्व्हेलाही वाकली. ताज्या चुन्याजवळ बुटाचा मागमूस नव्हता. ठसे होते ते पार मागे, मागच्या रेषेच्या आत, दोन्ही खोल रुतलेले.

"पुढची रेषा तीन फुटांवर असो की काउंटीच्या हद्दीवर," ड्वेन उठत म्हणाला, "बाई तिच्या आसपासही नव्हत्या. फटका धरला! लुथरन जिंकले!"

मार्व्हेलानं ठसे पुन्हा एकदा पाहिले, आर्डिसकडे जाऊन तिचा हात दाबला, आणि बाह्या सरसावत भांड्यांकडे निघाली.

लाइल धापा टाकत पहिल्या बेसवर पोचला. "आर्डिस! तू पुढे नव्हतीसच?"

"नव्हते."

"अगं, पण का?"

"पुढे उभी राहिले की जाळीपाशी तू दिसतोस. हात हलवतोस, कपाळ बडवतोस. मागे सरकलं की मध्ये ड्वेन येतो."

लाइलनं यावर बराच विचार केला. मग त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे माझंच बरोबर होतं की! जागाच चुकत होती!"

"हो रे," डोळे पुसत आर्डिस म्हणाली. "तुझी."