कोणाचं देणंघेणं कोणाशी?

माणसं कशी जोडावीत, हे सौंसरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं मी शहाऐंशी सालच्या दिवाळीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे!

बसस्टँडजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तिथेच मी कॅसेट मंडळ काढलं होतं. आपली कॅसेट दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याची आपण न्यायची. पण आमचे अकराही सभासद न्यायला एका पायावर तयार, आणि द्यायची वेळ आली की प्रत्येकाची फीत नेमकी तुटलेली! तुळशीराम शिंपी तर नुसतं "आणतो ना बाप्पा" म्हणायचा आणि आणखी एक मागून जायचा.

मी म्हटलं, माणूस नात्याला लाजतो. कोणाचं कोणाशी किती जमतं ते भिंतीवर दिसलं, की हात आपोआप सैल होईल! मोठ्या कागदावर सगळ्यांची नावं लिहिली आणि रेघा ओढल्या. वर लाल शाईत मथळा : 'कोणाचं देणंघेणं कोणाशी?' खाली खुलासा : सरळ रेघ म्हणजे पक्कं, तुटक रेघ म्हणजे बोलणी चालू.

मधोमध अर्थात मी! माझ्यापासून पुष्पाबाई, इंदूबाई आणि स्मिता नर्स यांच्याकडे सरळ रेघा, शकुबाईंकडे तुटक. देणंघेणं हा शब्द आपल्याकडे सोयरिकीतही चालतो, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

शुक्रवारी पांढुर्ण्याच्या बसमधून दादाराव उतरले. दादाराव म्हणजे माझे होणारे सासरे. पुढच्या रविवारी त्यांच्या कुसुमशी माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. त्यांनी चष्मा लावून अख्खा कागद वाचला.

"हे काय करून राहिले, वामनराव?"

"आमचं देणंघेणं हाये, मामाजी!"

"तीन ठिकानी पक्कं?"

"तीनच! चौथ्या ठिकानी बोलणी चालू हाये. मन मोठं पाहिजे मानसाचं!"

"आन् हे गावाले माहीत हाये?"

"म्हणूनच तर भिंतीवर लावलं! पुष्पाबाईच्या घरधन्यानं सोता खिळा ठोकून देल्ला!"

दादाराव स्टुलावर बसले. पाणी मागितलं, आणि न पिताच त्याच बसनं परत गेले. मला वाटलं, भारावले!

रविवारी साक्षगंधाऐवजी कुसुमच आली, सोबत तिची आत्या अंबाबाई. आत्यानं कागद वाचून विचारलं, "तीन पक्क्या, चौथीची बोलणी, मंग आमची पोरगी पाचवी का?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! मी घामाघूम होऊन ओरडलो, "कॅसेटी! नुसत्या कॅसेटी!" अंबाबाई पोट धरून हसल्या. कुसुम हसली नाही.

"मंग माह्यं नाव कुठं हाये यात?"

"तुम्ही कुठं सभासद..."

"पाहाले आले तवा माही कॅसेट नेली तुम्ही. चौदा एप्रिलले म्हटलेली माही गाणी. नेऊन चार महिने झाले. एकच हाये थे. द्या."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती मी तुळशीरामला दिली होती! सायकल हाणली. तुळशीराम म्हणाला, "थे त इंदूबाईनं नेली." इंदूबाईंनी स्मिता नर्सचं नाव सांगितलं, नर्सनं आणखी कोणाचं, असं दारोदार करत शेवटी पुष्पाबाईंकडे पोचलो. तिथे कुसुमची गाणी चालू होती आणि अंगणात शेजारणी जमल्या होत्या! कोणाचीही, अगदी माझीही, स्वतःची कॅसेट घराबाहेर पडली नव्हती, पण कुसुमची अकराही घरं फिरून आली होती. मंडळात खरं देणं एकट्या तिचंच होतं, आणि माझ्या कागदावर तिचं नावच नव्हतं! मला खरोखर लाज वाटली.

परत येऊन कॅसेट तिच्या हातात दिली. कागदावर मधोमध, माझं नाव खोडून, तिचं लिहिलं आणि माझं कडेला. तिथून माझ्यापर्यंत जाडजूड सरळ रेघ ओढायला पट्टी लावली, तर तिनं पट्टीवर बोट ठेवलं.

"तुटक काढा. पक्कं मी सांगीन."

ती रेघ सरळ व्हायला माघ उजाडला. तोवर मी माझ्या सगळ्या कॅसेटी एकेक करून पांढुर्ण्याला पोचवल्या होत्या. एकही परत मागायची माझी हिंमत झाली नाही!