मनगटी घड्याळ घातलेला मूळपुरुष

पैज लागली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि गल्लीत एकही गिऱ्हाईक नव्हतं. ही नोंद सुरुवातीलाच केलेली बरी, कारण पुढे जे झालं त्याला गावाने बरीच ऐतिहासिक कारणं चिकटवली. खरं कारण एवढंच की दोन दुकानदारांना काम नव्हतं.

त्यातला एक फ्रेमवाला. फोटोंना काच आणि चौकट करून द्यायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेलं, डोक्यावरचं रान साफ झालेलं, पण मिशा अशा की समोरच्याने आधी मिशांना नमस्कार करावा आणि मग माणसाला. दुसरा समोरच्या दुकानातला शिंपी. त्यालाही मिशी होती, पण ती कापडावर खडूने मारलेल्या रेघेइतकीच. फुंकर मारली तर जाईल अशी.

गाव सरहद्दीवरचं. शेवटच्या घराच्या मागे उभं राहिलं की पलीकडच्या देशातले कोंबडे आरवलेले ऐकू येतात. गावातली सगळी जमीन तीन घराण्यांची : टेकडीवाले, नदीवाले आणि खिंडीवाले. तिघांचे पूर्वज तीन टोळ्या घेऊन डोंगरापलीकडून आले आणि तिघेही सगळ्यात आधी आले. त्या काळची रीत अशी होती म्हणे, की टोळीच्या म्होरक्याने घोडा सोडायचा आणि घोडा दमून उभा राहील तिथपर्यंतची जमीन आपली म्हणायची. लिहून काहीच ठेवलेलं नाही. त्यामुळे घोडे नेमके कुठे दमले याबद्दल मतभेद आहेत. शिवाय प्रत्येक पिढीत ते घोडे आणखी थोडे पुढे जाऊन दमतात.

त्या महिन्यात जमीन कचेरीने परिपत्रक काढलं होतं. जे घराणं आपल्या मूळपुरुषाचा फोटो तीस दिवसांत सादर करील, त्याच्या दाराला 'मूळ घराणे' अशी पितळी पाटी मिळेल. पाटी तिघांनाही हवी होती. फोटो एकाकडेही नव्हता.

"बघ," फ्रेमवाला म्हणाला, "मी उद्या दुकानाच्या काचेत कुणाचाही फोटो लावतो. तिन्ही घरं येऊन 'आमचा, आमचा' म्हणून रडतील."

"येतीलच की. त्यात पैज कसली?" शिंप्याने सुईत दोरा ओवला. "मी म्हणतो, आपल्या गल्लीतलाही एक येईल."

हे मात्र फ्रेमवाल्याला झोंबलं.

"आपल्या गल्लीतला? अरे, आपण हातावर पोट असलेली माणसं. आपल्याला आजोबा पुरतात. मूळपुरुष कशाला लागतो?"

"मिळाला नाही म्हणून लागत नाही."

"लाव पैज!"

"लावली. हरेल त्याने चौकात खुर्ची टाकून मिशी उतरवायची."

फ्रेमवाल्याने लगेच हातावर हात मारला. शिंप्याच्या मिशीत उतरवण्यासारखं काही नाही, हे त्याच्या लक्षात यायला पंधरा दिवस जायचे होते. साक्षीदार म्हणून कोपऱ्यावरचा न्हावी उभा राहिला. कुणीही हरलं तरी त्याला काम होतं.

संध्याकाळी फ्रेमवाल्याने ट्रंकेच्या तळातून एक फोटो काढला. फेटा बांधलेला, तलवार उपसलेला, मिशीला पीळ दिलेला एक जवान. मागे तळं, टेकडी, संगमरवरी खांब आणि दोन बदकं. फोटो त्याचा स्वतःचाच होता. सत्तावीस वर्षांपूर्वी गावात सर्कस आली होती आणि तंबूबाहेर एक फोटोग्राफर रंगवलेल्या पडद्यासमोर उभं करून असे फोटो काढून द्यायचा. फेटा त्याचा, लाकडी तलवार त्याची. मनगटावरचं घड्याळ तेवढं फ्रेमवाल्याचं. घाईत काढायचं राहिलं होतं.

त्याने फोटो रात्रभर चहाच्या पाण्यात ठेवला, वाळवला, एक कोपरा काडीने जाळला.

"अहो, हा तर तोच!" बायको म्हणाली. "हाच फोटो पाठवून मला फसवलं होतं."

"आता गावाला फसवतोय."

"गावाचं बरंय. त्याला तुमच्याशी संसार नाही करायचा."

सकाळी फोटो सोनेरी चौकटीत बसून काचेत उभा राहिला. खाली चिठ्ठी : 'मूळपुरुष. ओळख पटवून घेऊन जाणे.'

साडेदहाला टेकडीवाल्यांचे थोरले आले. काचेसमोर थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आमच्या पणजोबांचे आजोबा!"

"तुम्ही पाहिलं होतंत त्यांना?"

"रक्त ओळखतं हो."

फ्रेमवाला खोडकर असला तरी बेइमान नव्हता. त्याने बोट दाखवलं. "दादासाहेब, मनगटावर घड्याळ आहे."

"असणारच," थोरले डोळे पुसत म्हणाले. "वेळेचे फार पक्के होते."

दुपारी नदीवाल्यांच्या काकू आल्या. त्यांनी फोटोला हात जोडले आणि ते घड्याळ नसून होकायंत्र असल्याचं सांगितलं. "घोडा कुठल्या दिशेला चाललाय ते बघायला नको का, भाऊ?" खिंडीवाल्यांचा शिकलेला पुतण्या सगळ्यात शेवटी आला. त्याच्या मते ते घड्याळ एका परदेशी सेनापतीने भेट दिलं होतं. तसं पत्रही होतं. ते जळालं. फोटोचा कोपरा जळलाय ना, त्याच आगीत.

त्या दिवशी फ्रेमवाला इतका हसला की त्याला दुकान अर्धा तास बंद ठेवावं लागलं. समोरून शिंपी शांतपणे म्हणाला, "गल्लीतला अजून यायचाय."

तिघांनीही कचेरीत दावे लावले. चौथ्या दिवशी जमीन कचेरीचे मोठे कारकून स्वतः दुकानात आले. त्यांनी पंचनामा केला, फोटो ताब्यात घेतला आणि रिकामी चौकट परत केली, कारण परिपत्रकात चौकटीचा उल्लेख नव्हता.

"पण साहेब, हा नक्की कुणाचा ते कुठे ठरलंय?"

"कुणाचा ते नंतर ठरतं," मोठे कारकून म्हणाले. "ज्याच्यावर एकही दावा नाही तो माणूस संशयास्पद. ज्याच्यावर तीन दावे आहेत तो सिद्ध. आता त्याचा घोडा कुठे दमला एवढंच बघायचं."

ते बघायला मोजणीदार आला. फोटोतल्या खुणा घेऊन तो गावभर फिरला आणि दोन दिवसांनी त्याने अहवाल दिला. फोटोतली टेकडी म्हणजे हल्लीची पाण्याची टाकी. संगमरवरी खांब म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेला विजेचा खांब. संगमरवर काळाच्या ओघात गेला. आणि तळं म्हणजे शिंप्याच्या दुकानासमोरचं तुंबलेलं गटार. बदकांबाबत चौकशी चालू असल्याचा शेरा होता. सबब घोडा इथेच, याच गल्लीत दमला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या दुकानांवर नोटिसा चिकटल्या. 'सदर जागा मूळपुरुषाची असून आपण तीवर अतिक्रमण केले आहे. दाव्याचा निकाल लागताच पंधरा दिवसांत जागा रिकामी करावी.'

फ्रेमवाल्याने नोटीस वाचली, पुन्हा वाचली. हे दुकान त्याच्या वडिलांनी बांधलं होतं. मागच्या खोलीत त्याचा संसार होता. दाराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या रेघा होत्या, पहिली गुडघ्याएवढी, शेवटची त्याच्या खांद्याच्या वर. त्यानंतर ती सासरी गेली. आता हे सगळं तो स्वतःच, फेटा बांधून, स्वतःकडून काढून घेणार होता.

"हसा आता," बायको म्हणाली. पण ती स्वतः हसली नाही. त्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

तो तडक कचेरीत गेला.

"साहेब, तो फोटो माझा आहे."

"सगळे तेच म्हणताहेत."

"तसा नाही हो. मी आहे तो. फोटोत मीच उभा आहे. सर्कशीत काढलाय."

मोठ्या कारकुनांनी फायलीतून फोटो काढला, फ्रेमवाल्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "साम्य आहे. मिशी तर तंतोतंत."

"तेच सांगतोय!"

"पण सदर इसम कचेरीच्या नोंदीप्रमाणे एकशे चाळीस वर्षांपूर्वी वारला. तुम्ही तो असाल तर मृत्यूचा दाखला आणा."

"मी जिवंत आहे, साहेब!"

"मग तुम्हाला तीन-तीन वारस कसे?" मोठे कारकून नाराज झाले. "जिवंत माणसाने असं कचेरीत येऊन मूळपुरुष असल्याचं सांगणं योग्य नाही. तुमचं वय लक्षात घेऊन मी हे लिहून घेत नाही."

फ्रेमवाला जिना उतरून टपरीवर बसला. थोड्या वेळाने मोठे कारकूनही चहाला खाली आले. खुर्चीवरून उठले की ते अगदी चारचौघांसारखे बोलत.

"भाऊ, हात टेकले ना? ऐक. नदीवाले आणि खिंडीवाले एक झालेत."

"ते? चाळीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत ते!"

"गल्लीचं भाडं दिसलं, मग तोंडही दिसलं. मूळपुरुष दोघांचा, जमीन निम्मी-निम्मी. टेकडीवाले एकटे पडले. सोमवारी दोन विरुद्ध एक, म्हणजे निकाल लागला आणि तुम्ही रस्त्यावर."

"मग काय करू?"

"चौथा दावा आला, आणि तो टेकडीवाल्यांच्या बाजूने गेला, तर दोन विरुद्ध दोन. समसमान झालं की फाईल वर जाते. आणि वर गेलेली फाईल..." त्यांनी बशी तोंडाला लावली. "मी तीस वर्षं नोकरी केली. खाली आलेली एकही पाहिली नाही. तोवर सगळं जैसे थे. तुमची दुकानं, तुमचं गटार, सगळं."

"करतो की! शिंप्याला सांगतो दावा करायला."

"साम्य लागतं, भाऊ. त्याची ती मिशी काय दाखवणार?" कारकुनांनी त्याच्या मिशांकडे बघितलं. "अख्ख्या गल्लीत साम्य असलेला माणूस एकच आहे."

फ्रेमवाल्याच्या हातातला चहा निवून गेला. आपल्या गल्लीतलाही एक येईल, शिंपी म्हणाला होता.

सोमवारी त्याने अर्ज भरला. अर्जदाराचे मूळपुरुषाशी नाते : 'थेट वंशज.' बाजू : 'टेकडीवाल्यांची.' सही करताना एक विचित्र गोष्ट झाली. त्याने फोटोकडे पाहिलं, आणि तलवार उपसून उभा असलेला तो जवान त्याला खरोखरच कुणीतरी मोठा वाटला. छाती आपोआप पुढे आली. "घड्याळाचं काय?" मोठ्या कारकुनांनी औपचारिकपणे विचारलं, आणि तो चटकन म्हणाला, "आमच्या घराण्यात सगळेच वेळेचे पक्के." मग त्याचं त्यालाच ऐकू आलं.

दोन विरुद्ध दोन झालं. फाईल लाल फडक्यात बांधून वर गेली. नोटिसांवर 'तूर्त स्थगित' असा शिक्का बसला. गल्लीने फ्रेमवाल्याला खांद्यावर घ्यायचं ठरवलं, पण वजन बघून नुसत्या टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर शिंप्याने खिशातून कागद काढला. कचेरीच्या फलकावरच्या यादीची नक्कल होती.

"दावेदार क्रमांक चार," त्याने मोठ्याने वाचलं. "राहणार, आपली गल्ली."

"अरे, तुझं दुकान वाचवलं मी!"

"त्याबद्दल आभार. तुझे दोन शर्ट फुकट शिवतो. खुर्ची कधी टाकू?"

खुर्ची मंगळवारी सकाळी चौकात टाकली. अख्खा गाव जमला. आणि खुर्चीत बसल्यावर फ्रेमवाल्याच्या ध्यानात आलं की समोरच्या प्रत्येक पुरुषाने मिशी वाढवलीय. टेकडीवाल्यांच्या थोरल्यांनी पीळ दिलेली. खिंडीवाल्यांच्या पुतण्याची अजून विरळ, पण दिशा तीच. भाजीवाला, पोस्टमन, शाळेचे मास्तर, सगळ्यांच्या ओठांवर त्याचीच मिशी. पंधरा दिवसांत गाव मूळपुरुषावर गेलं होतं. नदीवाल्यांच्या काकूंचा तेवढा नाइलाज होता. त्यांनी नातवाला पुढे उभं केलं होतं.

न्हाव्याचा आरसा छोटा पडेल म्हणून शिंप्याने फ्रेमवाल्याच्या दुकानातून मोठा आणला. फोटो कचेरीत गेल्यावर ती सोनेरी चौकट रिकामी पडली होती. फ्रेमवाल्याने तीत आरसा बसवून विकायला ठेवला होता. खालची चिठ्ठी काढायची राहिली होती.

साबण लागला. वस्तरा फिरला. डावी गेली, मग उजवी. गर्दीतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. बायको पुढे आली, हनुवटी धरून तिने त्याचं तोंड इकडून तिकडून पाहिलं.

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा दिसलात तुम्ही," ती म्हणाली. "चालेल. ठेवा असंच."

मोठे कारकूनही रजा टाकून आले होते. त्यांनी वहीत नोंद केली : संपूर्ण गावात मूळपुरुषाशी साम्य नसलेला एकमेव पुरुष.

"झाली फिट्टंफाट?" फ्रेमवाल्याने ओठावरून हात फिरवला. तिथे वारा लागत होता.

"झाली," शिंपी म्हणाला.

तसा तो खुर्चीतून उठला, आरसा दोन्ही हातांनी उचलला आणि गर्दीकडे फिरवला. सोनेरी चौकट, आत तोंड, खाली चिठ्ठी : 'मूळपुरुष. ओळख पटवून घेऊन जाणे.'

आता गाव हसेल, असं त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्याने मान जरा तिरपी केली. मागचे टाचा उंचावून बघू लागले. पोस्टमनने मिशीला पीळ दिला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाक आमच्याकडचं वाटतं," कुणीतरी हळूच म्हणालं.

फ्रेमवाल्याचे हात भरून आले, पण आरसा खाली ठेवता येईना. लोक एकामागून एक पुढे येत होते आणि जाताना किंमत विचारत होते. तुम्ही मागेच उभे होतात म्हणे. तुमचाही नंबर आला असेल. खरं सांगा, चिठ्ठी आधी वाचलीत की आधी केस सारखे केलेत?