मजीदभाईंचा अल्जीरिया

मजीदभाईंना ओमानमधल्या दुक्मचं ऊन कधी लागलंच नाही. आम्ही साइटवर भाजून निघायचो, वारा तोंडात मातीचा तोबरा भरायचा, आणि रत्नागिरीचे हे क्रेन ऑपरेटर बाटलीतलं गरम पाणी पीत म्हणायचे, "हे काय ऊन आहे? आमचा अल्जीरिया बघा."

कॅम्प ते साइट बसने पाऊण तास. तेवढ्यात थकल्या माणसाने डुलकी काढावी की नाही? पण शेजारी मजीदभाई. बाहेर मैलोन् मैल खडी आणि मध्येच एक बाभळीसारखं खुरटं झाड. ते झाड दिसलं की झालंच सुरू. उत्तरेला समुद्र, तिथे हिवाळ्यात पाऊस, ऑलिव्ह, आणि ज्याच्या सालीची बुचं करतात तो ओक. मग डोंगर, मग पठार, त्यावर खारी तळी आणि नुसतं गवत. परत डोंगर, आणि त्याच्या खाली खलास, वाळूच वाळू. पाणी असेल तिथे खजूर. मी जांभई दिली की म्हणायचे, "पवार, भूगोल कच्चा आहे तुमचा." दोन वर्षं ऐकतोय हे. देवाशप्पथ, मला आपल्या जिल्ह्यातले तालुके धड सांगता येणार नाहीत, पण अल्जीरियात कुठे काय उगवतं ते झोपेतही सांगेन.

तिकडे तुम्ही कधी होतात, कुठल्या कंपनीत, असं विचारलं की मात्र "यल्ला, कामाला लागा" म्हणून उठायचे. थापा मारतात, असं सगळ्यांचंच मत होतं. माझं तर होतंच.

मग साळवी आला. वेल्डिंग इन्स्पेक्टर, चिपळूणचा, अल्जीरियाच्या वाळवंटात चार वर्षं काढलेला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शुक्रवारी दुपारी मेसमध्ये बिर्याणी असते, तेव्हा मी त्याला मुद्दाम मजीदभाईंच्या समोर बसवलं आणि आजूबाजूच्यांना डोळा मारला. ही टकळी एकदाची बंद होऊ दे, एवढाच माझा हेतू.

साळवीने सरळ विचारलं, कुठल्या साइटवर होतात?

मजीदभाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "मी नाही गेलो कधी," ते म्हणाले. "धाकटा भाऊ होता. युसूफ."

कोणी हसलं नाही. युसूफ पाइपलाइनवर फिटर होता. सहा वर्षांपूर्वी तिथेच झोपेत गेला. मय्यत गावी पाठवायला बरेच दिवस लागतील, इथेच दफन करू का, असा कंपनीचा फोन आला. आई काही ऐकायच्या अवस्थेत नव्हती. "करा," असं मजीदभाईच म्हणाले. आमच्याकडे कबरीवर सब्जाचं रोप लावतात, ते सांगत होते. वडिलांच्या कबरीवर आहे, आजोबांच्या आहे. आई अजून फोनवर विचारते, युसूफच्या कबरीवर काही हिरवं आहे का रे. तिला काहीतरी सांगता यावं म्हणून हा माणूस सहा वर्षं त्या देशाचा भूगोल वाचत बसला होता.

मग त्यांनी साळवीला विचारलं, "युसूफ म्हणायचा, पाऊस झाला की तिथे वाळूतसुद्धा हिरवं येतं. खरंच येतं का हो?"

साळवीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "येतं की," तो म्हणाला. "घोट्यापर्यंत येतं."

हात धुताना मी त्याला गाठलं. चार वर्षांत त्याने तिथे पावसाचा थेंब पाहिला नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये मजीदभाई फोनवर आईशी बोलत होते. "हो आई, घोट्यापर्यंत. इथल्या साहेबांनी स्वतः पाहिलंय." फोन ठेवला. ते खुरटं झाड आलं आणि मागे गेलं, तरी बोलेनात. माझे डोळे मिटत होते, पण म्हटलं, डुलकी गेली खड्ड्यात.

"मजीदभाई," मी म्हटलं, "तिकडे पाऊस साधारण कुठल्या महिन्यात पडतो?"